'सर म्हणतात, ट्युबा उशिरा येतो'

प्रश्न: मी नववीत आहे. दोन वर्षं शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. ट्युबा, म्हणजे खालच्या स्वरांचं ते मोठं पितळी वाद्य, वाजवणारा दादा शाळा सोडून गेला म्हणून या वर्षी सरांनी ट्युबा माझ्याकडे दिला. वर्गात सगळ्यात बुटकी मीच आहे. मैत्रिणी म्हणतात, ट्युबा धिप्पाड मुलांचं काम. चार ओळी वाजवल्या की मला गरगरतं. सर रोज म्हणतात, 'ट्युबा उशिरा येतोय', पण मी तर बरोबर मोजत असते. माझ्या पानावर नुसते लांबलचक स्वर असतात, धून कधी माझ्या वाट्याला येतच नाही. हायस्कूलमधला चांगला ट्युबावादक म्हणजे नक्की कसा? आणि वर्ष संपल्यावर मी ट्रम्पेट परत मागू का?

उत्तर: 'मी तर बरोबर मोजत असते' हे तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू खरंच बरोबर मोजत असणार, आणि सरांचं म्हणणंही खरं असणार. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, तिथूनच सुरुवात करते. ते एकदा कळलं की ट्युबाचं निम्मं कोडं सुटतं.

शाळांच्या बँडमध्ये सहसा बी फ्लॅट या पाश्चात्त्य स्वराचा ट्युबा असतो. तुझाही तोच आहे असं धरून लिहिते. त्याची सगळी वेटोळी उलगडून नळी सरळ केली तर ती जवळजवळ १८ फूट भरेल, म्हणजे साडेपाच मीटर. तुझ्या ट्रम्पेटच्या चौपट. तू ओठांतून स्वर सोडतेस तेव्हा त्याची लहर बेलच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद टोकाच्या, तोंडापर्यंत जाते, तिथून तिचा काही भाग उलटा ओठांकडे येतो, आणि अशा काही फेऱ्या झाल्यावरच स्वर नळीत बसतो. एका फेरीलाच सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. त्यातून तुझी बेल छताकडे तोंड करून असते, आणि शेजारच्या ट्रम्पेटची थेट समोर. त्यामुळे तू अगदी ठोक्यावर फुंकलंस तरी सरांच्या कानाला तो स्वर किंचित मागून आल्यासारखा वाटतो.

यावर उपाय घाईने मोजण्यात नाही. उपाय श्वासात आहे. ट्रम्पेटवरून ट्युबावर आलेली मुलं बहुतेक वेळा एक गोष्ट करतात: छाती भरून श्वास घेतात, क्षणभर रोखून धरतात आणि मग फुंकतात. तो रोखलेला क्षणच तुला मागे खेचतो. 'एक'वर स्वर हवा असेल तर 'चार'वर श्वास आत जाऊ दे आणि कुठेही न थांबता तोच श्वास वळून बाहेर येऊ दे. झोका टोकाला जाऊन परत फिरतो, तसा. सुरुवातीला नुसत्या हवेने कर, ट्युबा मांडीवर न घेता. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला साठवर लाव, तीन ठोके ऐक, चौथ्यावर श्वास घे, पहिल्यावर सोड. आठवडाभर रोज पाच मिनिटं. मग हेच वाद्यावर.

आणि स्वतःला रेकॉर्ड कर. फोन तुझ्या खुर्चीजवळ न ठेवता सर जिथे उभे राहतात तिथे ठेव. तिथून ट्युबा कसा ऐकू येतो हे वाजवणाऱ्याला त्याच्या जागेवरून कधीच कळत नाही. मला हे फार उशिरा समजलं, तुला नववीतच समजावं असं वाटतं.

वेळेबद्दल मी इतकं लिहितेय कारण मार्चची, म्हणजे संचलनाची, धून सुरू झाली की सगळा बँड तुझ्या चालीने चालतो. ठोक्यावरचा स्वर तुझा, दोन ठोक्यांच्या मधला हॉर्नचा. तू घसरलीस की हॉर्न घसरतो, आणि वरची धून कितीही सुरेख असली तरी ती लंगडू लागते. अशा जागी स्वर आखूड ठेव, पण त्याला सूर असू दे. नुसता धप्प आवाज नको. कोणता स्वर होता हे डोळे मिटून ऐकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

आता गरगरण्याबद्दल. ट्रम्पेटला हवा थोडी लागते पण जोराने लागते. ट्युबाला ती भरपूर लागते, आणि सैल, ऊबदार. थंड काचेवर वाफ धरताना तोंडातून जशी हवा सोडतो तशी. तू अजून ट्रम्पेटच्या सवयीने ओठ आवळून, जोर लावून ढकलत असशील. दातांमध्ये अंतर ठेव, ओठांचे कोपरे घट्ट आणि मधला भाग मोकळा, गाल फुगू देऊ नकोस, माउथपीस ओठांवर दाबू नकोस. श्वास घेताना खांदे वर गेले तर तो श्वास अर्धवट आहे असं समज. पोट आणि बरगड्या चहूबाजूंनी पसरल्या पाहिजेत.

एवढी हवा भराभर आत-बाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं. नव्या ट्युबावादकांना हे सर्रास होतं. तसं झालं की लगेच थांब, बसूनच राहा, नेहमीसारखा श्वास घे. थोड्या वेळात जातं. सहन करत वाजवत राहायचं नाही, त्यात काही शौर्य नाही. काही आठवड्यांत हवा कुठे खर्च करायची हे शरीराला उमगलं की गरगरणं खूप कमी होतं. तसं झालं नाही, किंवा छातीत दुखलं, धाप लागली, तर घरी सांगून डॉक्टरांना दाखव आणि सरांनाही कळव.

मैत्रिणींच्या 'धिप्पाड' शब्दाला उत्तर द्यायचं झालं तर दोन नावं लक्षात ठेव. आर्नोल्ड जेकब्स हे १९४४ ते १९८८ अशी चव्वेचाळीस वर्षं शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात ट्युबा वाजवत होते. जगभरचे वादक श्वास शिकायला त्यांच्याकडे जात. आणि त्यांच्या स्वतःच्या फुप्फुसांची क्षमता आजारपणामुळे कमी झालेली होती! हवा कमी होती, म्हणून ती कशी वापरायची याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. शिष्यांना ते स्नायूंकडे फार लक्ष देऊ देत नसत. मनात स्वर गा आणि हवा वाहू दे, एवढ्यावर त्यांचा सगळा भर असे. दुसरं नाव कॅरोल जँच. २००६ साली, कॉलेजात शिकत असतानाच, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या मुख्य ट्युबावादक म्हणून तिची निवड झाली.

फुप्फुसं लहान असतील तर श्वास जास्त वेळा घ्यावा लागतो, फरक एवढाच. म्हणून तो कुठे घ्यायचा ते आधी ठरवायचं असतं. नवीन पान हातात आलं की पेन्सिल घेऊन बस. वाक्य कुठे संपतंय ते शोध आणि तिथे स्वल्पविराम कर. बोलताना आपण शब्दाच्या मध्ये श्वास घेत नाही, इथेही घ्यायचा नाही. पुढे कधी दुसरा ट्युबा आला तर आपापसांत ठरवून वेगवेगळ्या जागी श्वास घ्या, म्हणजे ऐकणाऱ्याला खालचा स्वर अखंड वाटतो.

उंचीची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती सोडवता येते. ट्युबा मांडीवर ठेवल्यावर माउथपीस आपणहून ओठांशी आला पाहिजे. तू मान उंचावत असशील किंवा पाठ वाकवत असशील तर ते आजच थांबव. ट्युबासाठी खास स्टँड मिळतो, त्यावर वाद्याचं वजन पेलतं आणि उंची बसवता येते. सरांकडे तो माग. पूर्ण मापापेक्षा लहान, पाऊण मापाचे ट्युबाही असतात, शाळेच्या कपाटात एखादा पडून आहे का ते विचार. मागायला संकोच करू नकोस. चुकीच्या बैठकीत वाजवलेलं वर्ष पाठीला आणि सुराला दोघांनाही महाग पडतं. आणि वाद्य उचलताना व्हॉल्व्हला, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांना, धरून कधीही उचलायचं नाही. जिन्यावर कुणाला तरी सोबत घे.

आता तुझ्या त्या लांबलचक स्वरांकडे येते. पत्रातली खरी खंत हीच आहे असं मला वाटतं.

मी तुझ्याएवढी असताना एकदा रंगीत तालमीत आमच्या सरांनी मला ट्युबा खाली ठेवायला सांगितला आणि समोर, बासऱ्यांच्या पुढे, जमिनीवर बसवलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं माझं. त्यांनी बँडला एक संथ तुकडा वाजवायला लावला, माझ्याशिवाय. धून होती, वरचे सगळे स्वर होते, पण सगळं पातळ वाटत होतं, आणि क्लॅरिनेट सुरात हळूहळू वर सरकत होते. ते चुकत होते असं नाही, त्यांना टेकायला काही मिळत नव्हतं. मग सरांनी मला जागेवर पाठवलं आणि तोच तुकडा पुन्हा घेतला. माझ्या पानावर त्या ओळीत फक्त चार स्वर होते. त्या दिवसानंतर ते चार स्वर मला कधी कमी वाटले नाहीत.

यामागे कारण आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो हे तू ऐकलं असशील. कुणी तो छेडलेला नसतो, तो त्या तारेतच असतो. ट्युबाच्या खालच्या स्वरातही असेच वरचे अनेक स्वर बारीक मिसळलेले असतात, आणि ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बासरी आपला सूर नकळत त्यांच्यावर बसवतात. तुझा स्वर हलला की त्या सगळ्यांची बैठक हलते. म्हणून माझ्या मते हायस्कूलमधल्या चांगल्या ट्युबावादकाची पहिली खूण म्हणजे त्याचे कान. तो वाजवताना स्वतःला कमी आणि इतरांना जास्त ऐकत असतो. आवाज किती मोठा, किती खाली जाता येतं, बोटं किती पळतात, हे सगळं मी यानंतर मोजते.

कान तयार करायचे तर दोन गोष्टी कर. फोनवर तंबोऱ्यासारखा अखंड स्वर लाव, बी फ्लॅटचा, आणि त्याच्यावर तुझा लांब स्वर ठेव. सूर जुळला नसेल तर दोन आवाजांमध्ये थरथर ऐकू येते. ती थरथर हळूहळू मंदावत जाते आणि एका क्षणी थांबते. तो क्षण कानाला ओळखीचा होईपर्यंत रोज कर. सूर मोजणाऱ्या ट्यूनरच्या काट्याकडे बघून हे होत नाही. काट्याने डोळ्यांना सवय लागते. दुसरं म्हणजे गा. जी ओळ वाजवायची ती आधी तोंडाने गा, आवाज कसाही असो. मनात स्वर नसेल तर ओठ तो शोधत बसतात, आणि ट्युबात शोधाशोध फार ऐकू येते.

ट्युबाची एक खोड आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू स्वतःला दोष देणार नाहीस. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबलास की स्वर चढा येतो. तिन्ही दाबलेस तर आणखी चढा. प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी ही एकटा व्हॉल्व्ह दाबला तर पुरेल इतकीच असते. दोन-तीन एकत्र दाबले की वाद्य आधीच लांब झालेलं असतं, आणि मग तेवढी जादा नळी अपुरी पडते. तुझ्या ट्युबाला चौथा व्हॉल्व्ह असेल तर खालच्या सी साठी पहिला-तिसरा सोडून चौथा वापर, आणि त्याच्या खालच्या बी साठी दुसरा-चौथा. तीनच व्हॉल्व्ह असतील तर पहिल्या किंवा तिसऱ्याची स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता तुकडा, थोडी बाहेर ओढावी लागते. किती, ते सरांना विचार, कारण प्रत्येक वाद्याचं थोडं वेगळं असतं. आणि ट्रम्पेटवरून आल्यामुळे तुला बास क्लेफ, म्हणजे खालच्या स्वरांची स्वरलिपी, वाचायला शिकावी लागेल. महिना लागेल. रोज एक ओळ मोठ्याने स्वरांची नावं घेत वाच, बोटं मांडीवर चालव.

आता राहिला तो लांब स्वर. तो वाजवून टाकायची गोष्ट नसते. त्याला सुरुवात असते, पोट असतं, शेवट असतो. वरची धून फुलतेय तेव्हा तूही किंचित फुल. ती मिटतेय तेव्हा तू आधी मिटू नकोस. सगळ्यात जास्त मुलं शेवटी चुकतात: हवा संपली की स्वर गळून पडतो आणि त्याच्याबरोबर अख्खा बँड खाली पडल्यासारखा वाटतो. स्वर जिथे संपायला हवा तिथे तू तो संपव, हवेला संपवू देऊ नकोस. रोजच्या सरावात असे दहा लांब स्वर घे, बारा मात्रांचे, हळू ते मोठा ते हळू. त्यानंतर व्हॉल्व्ह न बदलता फक्त ओठांनी एका स्वरावरून दुसऱ्यावर जा, मग स्केल, आणि सगळ्यात शेवटी बँडचं पान. पंचवीस-तीस मिनिटं पुरतात, पण रोज हवीत. वाद्य घरी नेता येत नसेल तर निदान माउथपीस ने, त्यावर आणि गाण्यावर बरंच काही होतं.

धून कधीच येत नाही, असं म्हणतेस. एकदा इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टचा मिलिटरी बँडसाठीचा ई फ्लॅटमधला पहिला 'सूट', म्हणजे अनेक भागांची रचना, ऐक. १९०९ चा आहे, जगभरचे शाळांचे बँड तो वाजवतात. पहिला भाग सुरू होतो तेव्हा बाकी सगळे गप्प असतात. आठ मापांची (माप म्हणजे ठोक्यांचा एक गट) ती मूळ धून युफोनियम, म्हणजे ट्युबाचा धाकटा भाऊ, आणि ट्युबा सांगतात, आणि नंतर अख्खा बँड तिच्यावरच इमारत चढवत जातो. सरांना विचार, आपल्या बँडला झेपेल का. झेपणार असेल तर ती आठ मापं तुझी असतील, आणि ती चांगली वाजवणं मुळीच सोपं नाही.

काही लहानसहान गोष्टी भराभर सांगते. व्हॉल्व्हना नियमित तेल, स्लाइडना ग्रीस. पाणी साचलं की वेळीच काढायचं, नाहीतर संथ जागी गुळगुळ ऐकू येते. माउथपीस अडकला तर पक्कड लावायची नाही, तो काढायचं वेगळं साधन असतं, सरांकडे असेल. विश्रांतीच्या मापांत मोजणं सोडायचं नाही, वीस मापं गप्प राहून एकविसाव्यावर ठाम येणं हे ट्युबाचं रोजचं काम आहे. आणि तालमीला ये. तिसरी क्लॅरिनेट एक दिवस आली नाही तर चालून जातं. बँडमध्ये ट्युबा एकच असेल तर तो नसल्याचं सगळ्यांना कळतं.

तुझा शेवटचा प्रश्न. हो, ट्रम्पेट परत मागायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि तसं वाटलं म्हणून तू कच्ची ठरत नाहीस. सरांनी गरज म्हणून तुला हलवलं, तुला विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मलाही वाटतं. पण हे तुझ्याकडे का आलं याचाही विचार कर. बँडची खालची जागा रिकामी झाली की शहाणे शिक्षक ती कुणालाही देत नाहीत. नीट मोजणारी, न चुकता येणारी मुलगी शोधतात. आत्ता ठरवू नकोस. दोन कार्यक्रम होऊ दे, श्वास बसू दे, सरांना सांगून एकदा माझ्यासारखी समोर बसून तुझ्याशिवायचा बँड ऐक. तरीही मन ट्रम्पेटकडेच ओढ घेत असेल तर सरांना स्पष्ट सांग. फक्त ते वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात सांगू नकोस, दोन महिने आधी सांग. पुढच्या ट्युबावादकाला बास क्लेफ शिकायलाही वेळ लागेल, आणि त्याला शिकवणारी तू असशील.